एकास आठ

पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं वजनी प्रमाण १:८ असतं, हे वाक्य शाळेतून बाहेर पडलेल्या बहुतेकांना पाठ असतं. मलाही होतं. बऱ्याच वर्षांनी रसायनशास्त्र पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतलं, तेव्हा मी मुद्दाम याच वजनी प्रमाणांच्या गणितांपासून सुरुवात केली. मोल (पदार्थाचं प्रमाण मोजण्याचं एकक), समीकरणं, द्रावणांची संहती, पुढचं सगळं यावरच उभं आहे. हे कच्चं राहिलं की पुढे सूत्रात आकडे भरणं तेवढं उरतं, समजणं मागे पडतं. म्हणून एक नेम ठेवला. रात्री वही उघडायची, थोडीच गणितं सोडवायची, पण प्रत्येक उत्तराखाली ते कुठून आलं हे एका ओळीत लिहायचं.

सुरुवातीची गणितं सरळ असतात. सूत्र दिलेलं, अणुवस्तुमानं (हायड्रोजनचा अणू १ धरला तर बाकीचे अणू किती जड) दिलेली, प्रमाण काढा. अमोनियात नायट्रोजनचा एक अणू, हायड्रोजनचे तीन, म्हणून १४:३. कार्बन डायऑक्साइडमध्ये १२ ला ३२, म्हणजे ३:८. कॅल्शिअम कार्बोनेटमध्ये कॅल्शिअम ४०, कार्बन १२ आणि ऑक्सिजनचे तीन अणू मिळून ४८. चारने भागलं की १०:३:१२. अशी पानभर गणितं भराभर सुटली. मग सल्फर डायऑक्साइड आलं आणि तिथे मी थांबले. गंधक ३२, ऑक्सिजन दोनदा १६ म्हणजे ३२. प्रमाण १:१. अणू मोजले तर एकास दोन, वजन केलं तर एकास एक.

उत्तर बरोबरच होतं. पण एकाच संयुगाची दोन वेगळी प्रमाणं इतकी उघडपणे शेजारी बसलेली पाहून मी वहीची पद्धत बदलली. पानावर तीन रकाने आखले: अणूंची संख्या, एका अणूचं वस्तुमान, दोन्हींचा गुणाकार. पहिल्या रकान्यातून सूत्र वाचायचं, शेवटच्यातून वजनी प्रमाण, आणि मधला रकाना म्हणजे दोघांमधला पूल. पाण्याच्या ओळीत पहिला रकाना २:१ सांगतो, शेवटचा १:८. हायड्रोजन संख्येने दुप्पट आणि वजनाने आठवा हिस्सा. मोठ्या आणि बारीक मण्यांची माळ ओवली तर बारीक मणी कितीही जास्त असले तरी वजन मोठ्यांचंच भरतं, तसं हे आहे. या विषयातली बहुतेक गोंधळाची गणितं मधला रकाना गाळून थेट पहिल्यावरून तिसऱ्यावर उडी मारल्याने गोंधळाची होतात, असं माझं ठाम मत झालं आहे.

प्रमाण हाती आलं की ते टक्केवारीत बदलण्याची घाईही मी सोडली. युरियात कार्बन १२, ऑक्सिजन १६, नायट्रोजन २८, हायड्रोजन ४, म्हणजे ३:४:७:१. एकूण भाग १५. तर ३० ग्रॅम युरियात नायट्रोजन किती? पंधरा भागांत सात, म्हणून १४ ग्रॅम. ४६.६७ टक्के काढून मग गुणाकार करण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ, आणि उत्तर तपासायला तोंडी हिशेब पुरतो.

इथवर सगळं सुरळीत होतं, पण त्या मधल्या रकान्याचा प्रश्न मनातून जाईना. ऑक्सिजनचं १६ आलं कुठून? पाण्याचं सूत्र आणि १६ हा आकडा माहीत असेल तर १:८ निघतं. पण ज्यांनी पहिल्यांदा पाण्याचं विघटन करून वजनं केली, त्यांच्या हातात फक्त वजनी प्रमाण होतं. सूत्रही नव्हतं आणि १६ ही नव्हतं. म्हणजे आपण ज्या दिशेने गणित सोडवतो, त्याच्या नेमक्या उलट दिशेने हे शास्त्र उभं राहिलं. हे लक्षात आल्यावर मी पुढची गणितं बाजूला ठेवली आणि त्या काळातल्या माहितीवर तेच गणित मांडून पाहिलं.

अणुसिद्धांत मांडणाऱ्या जॉन डाल्टन यांनी एक साधा नियम धरला होता: दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल, तर त्यात दोघांचा एकेक अणू आहे असं समजायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून पाणी म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. हे धरून १:८ वाचलं तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड ठरतो. आणि मजा ही, की वजनकाट्यावर हे खोटं पाडता येत नाही! ऑक्सिजन ८ आणि पाण्यात एकेक अणू, किंवा ऑक्सिजन १६ आणि पाण्यात हायड्रोजनचे दोन; दोन्हींचं वजनी प्रमाण १:८ च येतं. माझ्या रकान्यांच्या भाषेत, शेवटचा रकाना प्रयोगाने मिळतो; पहिला आणि मधला, दोन्ही कोरे. एक समीकरण आणि दोन अज्ञातं.

सुटका वायूंच्या आकारमानांतून झाली. गे-ल्युसॅक यांनी १८०८ मध्ये दाखवलं की वायू साध्या पूर्णांकी आकारमानांत संयोग पावतात. दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन मिळून दोन भाग वाफ होते. १८११ मध्ये ॲव्होगॅड्रो यांनी सुचवलं की समान तापमानाला आणि दाबाला समान आकारमानांत रेणूंची संख्याही समान असते. या कल्पनेकडे पुढची चार-पाच दशकं पुरेसं लक्ष गेलं नाही. १८५८ मध्ये कॅनिझारो यांनी तिच्यावरून अणुवस्तुमानं काढण्याची पद्धत मांडली, आणि १८६० च्या कार्ल्सरूह परिषदेत त्यांची पुस्तिका रसायनशास्त्रज्ञांच्या हाती पडली.

ती पद्धत स्वतः करून बघावी अशी आहे. मी कार्बन घेतला. समान आकारमानांत रेणू समान, म्हणून वायूची घनता हायड्रोजनच्या किती पट आहे ते पाहायचं आणि हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा म्हणून त्याची दुप्पट करायची, झालं रेणुवस्तुमान. मिथेन १६, कार्बन मोनॉक्साइड २८, कार्बन डायऑक्साइड ४४, एथिलीन २८, बेंझिनची वाफ ७८. आता प्रत्येकातला कार्बन वजनी प्रमाणावरून काढायचा. मिथेनमध्ये कार्बन आणि हायड्रोजन ३:१, म्हणून १६ पैकी १२. कार्बन मोनॉक्साइडमध्ये ३:४, म्हणून २८ पैकी १२. कार्बन डायऑक्साइडमध्ये ३:८, ४४ पैकी १२. एथिलीनमध्ये ६:१, २८ पैकी २४. बेंझिनमध्ये १२:१, ७८ पैकी ७२. वहीत आकडे एकाखाली एक आले: १२, १२, १२, २४, ७२. बारापेक्षा लहान एकही नाही आणि बाराच्या पाढ्याबाहेरचाही एक नाही. कार्बनचा अणू अर्धा होऊन रेणूत शिरत नाही, म्हणून सगळ्यात लहान हिस्सा तोच अणूचा. ऑक्सिजनचंही तसंच करून पाहिलं. पाण्यात १८ पैकी १६, कार्बन मोनॉक्साइडमध्ये २८ पैकी १६, सल्फर डायऑक्साइडमध्ये ६४ पैकी ३२. आठ कुठेच आलं नाही. पाठ केलेलं १६ त्या रात्री माझ्यासाठी काढलेलं १६ झालं. पुस्तकांनी ही दोन कोष्टकं आधी करायला लावावीत आणि मगच अणुवस्तुमानांची यादी हातात द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

मग उलट दिशेची गणितं घेतली: वजनं दिलेली, सूत्र काढा. पायऱ्या सोप्या आहेत. प्रत्येक मूलद्रव्याच्या वजनाला त्याच्या अणुवस्तुमानाने भागायचं, आलेल्यांपैकी सर्वांत लहान संख्येने पुन्हा सगळ्यांना भागायचं. पण शेवटच्या पायरीला नीट थांबावं लागतं, ते लोहाच्या ऑक्साइडांनी शिकवलं. ७ ग्रॅम लोहाशी ३ ग्रॅम ऑक्सिजन संयोग पावतो. ७ भागिले ५६ म्हणजे ०.१२५, ३ भागिले १६ म्हणजे ०.१८७५. लहानाने भागलं की १ आणि १.५. दीड अणू असत नाही, दोन्हीकडे दोनने गुणायचं, म्हणून लोह दोन, ऑक्सिजन तीन. पुढचं गणित चुंबकी लोहखनिजाचं, मॅग्नेटाइटचं, वजनी प्रमाण २१:८. भागाकार ०.३७५ आणि ०.५. पुन्हा भागलं की १ आणि १.३३. इथे ‘जवळपास एक’ म्हणून सोडून द्यावं असा मोह होतो. पण १.३३ म्हणजे एक आणि एक तृतीयांश. तीनने गुणलं की तीन आणि चार. मॅग्नेटाइटमध्ये लोहाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार, अगदी बरोबर. त्यानंतर मी वहीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं: .२५ दिसलं की चारने गुण, .३३ किंवा .६७ दिसलं की तीनने, .५ दिसलं की दोनने. पूर्णांकाला लावायचं ते फक्त १.०२ किंवा २.९८ सारखं. प्रयोगातला फरक एवढाच असतो. एक तृतीयांश हा फरक नसतो, तो अणूच असतो.

‘प्रयोगातला फरक’ म्हणजे किती, हे मात्र कागदावर कळत नाही. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने तिच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशिअमचा प्रयोग करू दिला. मॅग्नेशिअमची फीत काचकागदाने घासून चकचकीत केली, कारण वरचा मळकट थर म्हणजे आधीच झालेलं ऑक्साइड, आणि तो तसाच राहिला तर आपण मॅग्नेशिअम म्हणून भलतंच तोलतो. झाकणासकट रिकामी मूस, म्हणजे जोरात तापवायचं छोटं भांडं, २८.४१ ग्रॅम भरली. फितीची सैल गुंडाळी करून आत ठेवली, २८.६५. म्हणजे मॅग्नेशिअम ०.२४ ग्रॅम. सोयीचा आकडा मैत्रिणीने मुद्दाम साधला होता. मॅग्नेशिअमचं अणुवस्तुमान २४, ऑक्सिजनचं १६, एकेक अणू असेल तर ०.२४ ला ०.१६ लागायला हवा.

मूस मातीच्या त्रिकोणावर ठेवून खालून बर्नर लावला. झाकण पूर्ण लावलं तर हवा आत जात नाही, उघडं ठेवलं तर पांढरा धूर होऊन ऑक्साइडच उडून जातं. म्हणून चिमट्याने झाकणाची एक कड किंचित उचलायची, आतली फीत झळाळली की लगेच खाली टेकवायची. त्या झळाळीकडे टक लावून पाहायचं नाही, हे मैत्रिणीने आधीच बजावलं होतं. झळाळी येईनाशी झाली तेव्हा झाकण काढून मूस जोरात तापवली, थंड होऊ दिली, तोलली: २८.८०. पुन्हा तापवून तोलली, तेवढीच. वजन स्थिर झालं होतं, पण ऑक्सिजन आला ०.१५. भागाकार केला तर ०.०१ आणि ०.००९४.

थोडं ऑक्साइड धुरात गेलं असेल असं मी म्हटलं. मैत्रिणीने आणखी एक शक्यता दाखवली. हवेत ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजन कितीतरी जास्त, आणि तापलेलं मॅग्नेशिअम थोडंसं नायट्रोजनशीही संयोग पावतं. त्या मॅग्नेशिअम नायट्राइडमध्ये मॅग्नेशिअमचे तीन अणू नायट्रोजनच्या दोन अणूंना असतात, म्हणजे वजनी प्रमाण ७२:२८. ऑक्साइडमध्ये तेवढ्याच मॅग्नेशिअमला ऑक्सिजन ४८ लागतो. म्हणून नायट्राइड झालं की वजन कमी भरतं. तिने थंड मुशीत पाण्याचे थोडे थेंब टाकले आणि मूस किंचित कोमट केली. अमोनियाचा उग्र वास नाकात शिरला! नायट्राइड पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रॉक्साइड आणि अमोनिया देतं. हायड्रॉक्साइड जोरात तापवलं की पाणी जाऊन ऑक्साइड उरतं. सगळं सुकवून पुन्हा तापवल्यावर काटा २८.८१ वर थांबला. ०.२४ ला ०.१६. तीनास दोन.

तुम्हाला शक्य असेल तर हा प्रयोग जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली एकदा तरी करा. एका संयुगात मूलद्रव्यांचं वजनी प्रमाण नेहमी तेच असतं, या स्थिर प्रमाणाच्या नियमावर प्रूस्त आणि बर्थोले या रसायनशास्त्रज्ञांचा वाद वर्षानुवर्षं का चालला, हे त्या ०.१५ ने मला समजावलं. खाणीत सापडलेलं कॉपर कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत बनवलेलं, दोन्हींत तांब्याचं प्रमाण तेच, हे प्रूस्त यांनी १७९९ च्या सुमारास दाखवलं. बर्थोले यांचं म्हणणं असं, की प्रमाण परिस्थितीनुसार बदलू शकतं. अशुद्ध नमुना आणि मिश्रण यांना संयुगापासून वेगळं काढणं हेच त्या वादातलं खरं काम होतं.

दोन मूलद्रव्यांची अनेक संयुगं असली, तर एकाच्या ठरावीक वजनाबरोबर येणारी दुसऱ्याची वजनं साध्या पूर्णांकी प्रमाणात असतात, हा गुणित प्रमाणाचा नियम. त्याची गणितं मी सुरुवातीला टक्केवारीतून सोडवायला घेतली, कारण ती तशीच दिलेली होती. नायट्रोजनची पाच ऑक्साइडं, त्यांतल्या ऑक्सिजनची टक्केवारी: ३६.३६, ५३.३३, ६३.१६, ६९.५७, ७४.०७. या रांगेकडे कितीही वेळ पाहिलं तरी ती काही सांगत नाही. आता नायट्रोजन सगळीकडे ७ ग्रॅम धरायचा आणि त्याच्याबरोबर किती ऑक्सिजन येतो ते काढायचं. नायट्रस ऑक्साइडमध्ये ४, नायट्रिक ऑक्साइडमध्ये ८, डायनायट्रोजन ट्रायऑक्साइडमध्ये १२, नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये १६, डायनायट्रोजन पेंटॉक्साइडमध्ये २०. चाराचा पाढा! मी ते आकडे लिहिल्यावर पेन खाली ठेवलं. अणू कुणी पाहिलेला नसताना, निव्वळ तराजूच्या जोरावर, पदार्थ मोजून-मापून ठोकळ्यांनी बनलेला आहे हे ज्या माणसाला सुचलं असेल, त्याला काय वाटलं असेल! टक्केवारीत दोन्ही मूलद्रव्यं एकाच वेळी बदलतात, म्हणून ती रचना झाकली जाते. एक स्थिर धरलं की दुसरं बोलायला लागतं.

उरलेल्या वजनाची गणितं त्या मानाने लहान. १० ग्रॅम हायड्रोजन आणि ४० ग्रॅम ऑक्सिजन यांपासून पाणी किती? ४० ग्रॅम ऑक्सिजनला ५ ग्रॅम हायड्रोजन पुरतो, पाणी ४५ ग्रॅम, हायड्रोजन ५ ग्रॅम तसाच शिल्लक. आधी आणि नंतर ५०, हे तपासून पुढे जायचं.

नियमांच्या कडा मात्र पाहून घ्याव्यात. जड पाण्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरिअम, म्हणजे हायड्रोजनचाच जड प्रकार असतो, अणुवस्तुमान २. म्हणून तिथलं प्रमाण ४:१६, म्हणजे १:४. तेही पाणीच, अणूंची संख्या तीच २:१, मधला रकाना तेवढा बदलला. आणि लोहाच्या फेरस ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या एका अणूला लोह पुरता एक नसतो, ०.९५ च्या आसपास असतो, कारण स्फटिकात लोहाच्या काही जागा रिकाम्याच राहतात. अशा संयुगांना पुढे बर्थोले यांचंच नाव मिळालं, बर्थोलाइड. हे वाचून मला फार बरं वाटलं.

सगळं एकत्र आणणारं गणित मी शेवटी ठेवलं होतं. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असलेलं ०.३० ग्रॅम संयुग पूर्ण जाळलं, ०.४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.१८ ग्रॅम पाणी मिळालं, रेणुवस्तुमान ६०, सूत्र काढा. कार्बन डायऑक्साइडच्या ४४ भागांत १२ कार्बन, म्हणून ०.१२ ग्रॅम. पाण्याच्या नऊ भागांत एक हायड्रोजन, म्हणून ०.०२. ऑक्सिजन जाळायच्या हवेतूनही आलेला असतो, म्हणून तो थेट मोजता येत नाही. एकूण वजनातून वजा करायचा: ०.३० वजा ०.१४, म्हणजे ०.१६. वजनी प्रमाण ६:१:८. अणुवस्तुमानांनी भागलं की ०.५, १, ०.५, म्हणजे अणू १:२:१. एवढ्या अणूंचं वस्तुमान १२ अधिक २ अधिक १६, म्हणजे ३०. दिलेलं ६० त्याच्या दुप्पट, म्हणून कार्बन दोन, हायड्रोजन चार, ऑक्सिजन दोन. ॲसेटिक आम्ल. रेणुवस्तुमान ३० असतं तर हेच आकडे फॉर्माल्डिहाइडचे झाले असते, १८० असतं तर ग्लुकोजचे. तिघांचं वजनी प्रमाण एकच. इतकंच काय, ६० वस्तुमानाचं आणि नेमक्या याच सूत्राचं मिथाइल फॉर्मेट नावाचं दुसरं संयुगही आहे. त्या दोघांतलं कोणतं, हे या आकड्यांवरून ठरत नाही. कोणता अणू कुणाला जोडलेला आहे ते पाहावं लागतं, आणि वहीचं पुढचं पान मी सध्या त्यासाठीच आखलं आहे.